देवाचा न्याय आणि माणसाचा पश्चात्ताप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती विश्वासाबद्दल लोक जे विचारतात, त्यातलं बरंचसं फिरून एकाच गाठीपाशी येतं. देव न्यायी असेल तर तो क्षमा कसा करतो, आणि क्षमा करत असेल तर न्यायी कसला? खालचे प्रश्न मला विश्वासी आणि अविश्वासी दोघांनीही विचारलेले आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या ख्रिस्ती परंपरांत जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, अध्याय कंसात पुस्तकाच्या नावासह दिले आहेत, ते उघडून स्वतः वाचावेत.

पश्चात्ताप म्हणजे केल्याचं वाईट वाटणं, एवढंच ना?

इथे आपला मराठी शब्द थोडा फसवतो. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणं. शब्दातच हळहळ भरलेली आहे आणि त्यामुळे आपण मनातल्या आगीकडे बघत बसतो.

जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातल्या, संदेष्ट्यांचा आवडता हिब्रू शब्द आहे ‘शूव’. अर्थ अगदी साधा: वळणं, माघारी फिरणं. वाट चुकलेला माणूस मागे फिरतो त्यालाही हाच शब्द. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ म्हणजे विचारांचा रोखच बदलणं. दोन्ही शब्दांत अश्रू असू शकतात, पण ते सक्तीचे नाहीत. योएल संदेष्टा तर लोकांना सांगतो की कपडे फाडू नका, अंतःकरण फाडा (योएल २).

बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी दीक्षा) करणाऱ्या योहानाकडे लोक येतात आणि विचारतात, मग आम्ही करायचं काय? त्याची उत्तरं इतकी रोजच्या व्यवहारातली आहेत की पहिल्यांदा वाचताना गंमत वाटते. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, धाक दाखवून पैसे उकळू नका, पगारात भागवा (लूक ३). नोकरी सोडून रानात या, असं तो कोणालाच म्हणत नाही.

यहूदालाही वाईट वाटलं होतं. मग पेत्राला क्षमा आणि त्याचा असा शेवट का?

दोघेही येशूचे शिष्य, आणि दोघे एकाच रात्री पडले. यहूदाने ३० रुप्यांच्या नाण्यांसाठी गुरूला धरून दिलं, पेत्राने कोंबडा आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारली. मत्तयाच्या २७व्या अध्यायात यहूदासाठी ‘मेटानोइया’ या घरातला शब्द नाही. तिथे वेगळं क्रियापद आहे, ज्यात चुटपुट आहे पण वळण नाही. सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौलही देवाला आवडणारं दुःख आणि मरणाकडे नेणारं जगाचं दुःख असा फरक करतो (२ करिंथ ७).

पण हे उत्तर मला पुरतं पटत नाही. यहूदाने काय काय केलं ते बघा. त्याने चूक कबूल केली, निर्दोष रक्ताचा घात केला असं उघड म्हटलं, पैसे परत नेले. पश्चात्तापाच्या खुणा म्हणून आपण जे मागतो त्यातलं बरंचसं त्याने केलं. तो मुख्य याजकांकडे गेला, म्हणजे पाप्यांसाठी देवापुढे उभं राहणं हेच ज्यांचं काम त्यांच्याकडे, आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटा निघाला आणि त्याने गळफास घेतला. पेत्र मात्र रडला तरी इतर शिष्यांमध्ये राहिला. पुढे सरोवराकाठी कोळशाच्या विस्तवापाशी येशूने त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का? (योहान २१). पेत्राने नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्याच विस्तवापाशी शेकत होता (योहान १८). ग्रीकमध्ये हा विशिष्ट शब्द नव्या करारात फक्त या दोन ठिकाणी येतो. ज्या जागी मोडलं त्याच जागी सांधलं.

देवाचा न्याय म्हणजे शिक्षाच की आणखी काही?

मराठीत ‘न्याय मिळाला’ असं कोण म्हणतं? ज्याच्यावर अन्याय झालेला असतो तो. आरोपी कधी म्हणत नाही. न्याय हा शब्द पीडिताच्या तोंडी आनंदाचा आहे, आणि शास्त्रातही बऱ्याच वेळा तो तसाच येतो. ९६वं स्तोत्र वाचा. परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतोय म्हणून रानातली झाडं गातात, शेतं उल्हासतात. ९८व्या स्तोत्रात नद्या टाळ्या वाजवतात. वरचा सूर भयाचा नाही. जुन्या करारातलं ‘शास्ते’ (म्हणजे न्यायाधीश) हे पुस्तकही ज्यांच्यावर आहे त्यांचं मुख्य काम लोकांना जुलमातून सोडवणं होतं.

हिब्रूत ‘मिश्पात’ आणि ‘त्सेदाका’ ही जोडी वारंवार भेटते. पहिल्यात निवाडा आहे, दुसऱ्यात नात्याला धरून नीट वागणं आहे. विधवा, अनाथ आणि परका ही तीन माणसं सुरक्षित आहेत का, या कसोटीवर संदेष्टे राजाला आणि प्रजेला तोलतात. म्हणजे देवाच्या न्यायात वाकडं झालेलं सरळ करणं येतं. शिक्षा त्यात आहेच, ती पुसून टाकणारे लोक शास्त्र अर्धं वाचतात. पण शिक्षा हे त्या न्यायाचं पूर्ण नाव नाही.

मग न्यायी देव अपराध्याला मोकळा कसा सोडतो?

पौलाला हा प्रश्न नीट ठाऊक होता. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की येशूच्या वधस्तंभावर (क्रुसावर) देवाने दोन गोष्टी एकदम दाखवल्या: आपण स्वतः नीतिमान आहोत, आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्यालाही आपण नीतिमान ठरवतो. त्याच ओळींत मराठी शास्त्रात ‘प्रायश्चित्त’ हा शब्द आहे. त्यावर जरा थांबा. आपल्या बोलण्यात प्रायश्चित्त घेतो कोण? ज्याने चूक केली तो. इथे प्रायश्चित्त पुढे करतो तो देव. वाक्याचा कर्ताच बदलला आहे, आणि ख्रिस्ती शुभवर्तमानातली सगळी खळबळ त्या बदललेल्या कर्त्यात आहे.

हे नेमकं कसं घडतं याची समजूत मात्र एक नाही. पहिल्या शतकांत बहुतेकांना वधस्तंभ हा मरण आणि सैतान यांच्यावरचा विजय वाटे. ऑर्थोडॉक्स परंपरेत आजही तोच सूर वरचा आहे, आणि पाप हे तिथे गुन्ह्यापेक्षा आजारासारखं पाहिलं जातं. अकराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म याने वेगळी मांडणी केली: पापाने देवाचा मान हिरावला, तो माणसाने भरून द्यायला हवा, पण भरण्याची ताकद फक्त देवात आहे, म्हणून देव माणूस झाला. पुढच्याच शतकात फ्रेंच विद्वान आबेलारने भर दिला तो या प्रेमाने माणसाचं हृदय बदलतं यावर. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी न्यायालयाची भाषा घेतली: शिक्षा आपली होती, ती ख्रिस्ताने सोसली.

प्रवचनांत एक गोष्ट हमखास ऐकू येते. न्यायाधीश स्वतःच्या मुलाला दंड ठोठावतो, मग झगा उतरवून खाली येतो आणि तो दंड स्वतः भरतो. गोष्ट लहान मुलांनाही कळते, पण तिच्यात एक माणूस गाळलेला आहे. त्या मुलाने ज्याचं नुकसान केलं तो. तो त्या खोलीत कुठे बसलाय, हे कोणी सांगत नाही.

१ योहान १ मध्ये लिहिलं आहे की आपण पाप पदरी घेतलं (कबूल केलं) तर देव विश्वासू व *न्यायी* आहे म्हणून क्षमा करील. तिथे ‘दयाळू आहे म्हणून’ असं अपेक्षित होतं. लेखकाने न्यायी म्हटलं. क्षमा ही न्यायातून काढलेली पळवाट आहे असं त्याला वाटत नव्हतं, एवढं तरी त्यावरून दिसतं.

देवाने माफ केलं. पण ज्याचं वाटोळं झालं त्याचं काय?

हा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो. माझ्या मते तो पहिला यायला हवा.

दावीद राजाची गोष्ट घ्या (२ शमुवेल ११ व १२). त्याने आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको बथशेबा बोलावून घेतली, ती गरोदर राहिली, आणि मग उरीयाला लढाईच्या तोंडी उभं करून मारवलं. ज्या पत्राने त्याचं मरण ठरलं ते पत्र उरीयाच्याच हाती पाठवलं. नाथान संदेष्टा येऊन एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. दावीद चिडून म्हणतो, असल्या माणसाने चौपट भरून द्यावं. नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

५१वं स्तोत्र याच प्रसंगाशी जोडलेलं आहे. त्यात एक ओळ खटकते: तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. आणि उरीया? बथशेबा? टीकाकार याचा अर्थ लावतात की प्रत्येक पाप अखेर देवाविरुद्धच असतं. ठीक आहे. पण ही ओळ पाठ करून शेजाऱ्याची क्षमा मागणं टाळणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्यात मीही होतो. एका सहकाऱ्याने केलेलं काम मी माझं म्हणून दाखवलं आणि त्याची बढती हुकली. मी प्रार्थनेत कबूल केलं, अगदी मनापासून, अनेकदा. त्याच्याशी बोलायला मला सहा वर्षं लागली. बोललो तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मला वाटलं होतं तुला माहीतच नाही.” सहा वर्षं देवाला जे सांगत होतो ते ज्याला सांगायला हवं होतं त्याच्यापर्यंत गेलंच नव्हतं.

मोशेच्या नियमशास्त्रात यावर सरळ हिशेब आहे. फसवून घेतलेलं परत करा आणि वर पाचवा हिस्सा घाला (लेवीय ६, गणना ५). चोरलेलं मेंढरू मारलं किंवा विकलं असेल तर चार मेंढरं द्या (निर्गम २२). लेवीयात क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. आधी मालकाला भरपाई, मग वेदीवर अर्पण. येशू डोंगरावरच्या प्रवचनात तेच पुढे नेतो: अर्पण वेदीपाशी ठेव, भावाशी समेट कर, मग ये (मत्तय ५).

आणि जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो, आणि जक्कय उभा राहून सांगतो की निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट. अपहारासाठी नियमशास्त्र मूळ रक्कम आणि पाचवा हिस्सा एवढंच मागत होतं. त्याने स्वतःला मेंढरं चोरणाऱ्याचा दर लावला. ‘आज या घराला तारण झालं आहे’ असं येशू म्हणतो ते या वाक्यानंतर (लूक १९). आधी कृपा घरात आली, मग तिजोरी उघडली, हे खरं. पण तिजोरी उघडली.

भरपाई करणं शक्यच नसेल तर?

माणूस मेलेला असतो, गेलेली वर्षं परत येत नाहीत. अशा वेळी जे उरलं आहे ते करावं: सत्य लपवू नये, ज्याचं नाव बदनाम झालं ते मोकळं करावं, त्याच्या माणसांना काही देणं लागतं का ते पाहावं. आणि समोरचा भेटू इच्छित नसेल तर ‘मला क्षमा मागायची आहे’ म्हणत त्याच्या दारात जाऊन बसू नये. ते त्याच्यासाठी नसून आपल्या झोपेसाठी असतं.

क्षमा मिळाल्यावर परिणाम टळतात का?

सहसा नाही. नाथान दावीदाला सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. पण तलवार त्याच्या घरातून हलणार नाही. पुढे मुलगा मुलाला मारतो, अबशालोम बापाविरुद्ध उठतो. त्या कथेत बथशेबाचं तान्हं बाळही मरतं, आणि ते मला आजवर कोणाही भाष्यकाराच्या मदतीने पचलेलं नाही.

अहाब राजाचं उलट आहे. त्याने नाबोथाचा द्राक्षमळा खोट्या खटल्याने, नाबोथाचा जीव घेऊन बळकावला. एलीया संदेष्ट्याने सुनावल्यावर तो पश्चात्तापाची खूण म्हणून गोणपाट नेसला, उपास केला, आणि अरिष्ट त्याच्या हयातीत येणार नाही असं ठरलं (१ राजे २१). मळा परत केल्याची नोंद मात्र कुठेही नाही.

माझ्यावर संकट आलं ते माझ्या पापामुळेच का?

पेरावं तसं उगवतं हे पौलही म्हणतो (गलती ६), त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध शास्त्र नाकारत नाही. पण उलट दिशेने हिशेब करायला, म्हणजे संकट पाहून पाप शोधायला, येशूने मनाई केली आहे. शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? नाही, असं तो स्पष्ट सांगतो, आणि विचारणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला लावतो (लूक १३). जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप याचं की आईबापांचं? दोघांचंही नाही (योहान ९). निर्दोष असून संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र तर हाच हिशेब मांडत बसले होते, आणि पुस्तकाच्या अखेरीस देव त्यांच्यावरच रागावतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या पापांची चौकशी करणाऱ्यांनी ते शेवटचं प्रकरण वाचावं.

बापाच्या पापाची शिक्षा मुलाला मिळते का?

निर्गम ३४ मध्ये तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतचा उल्लेख आहे. त्याच वाक्यात हजारोंवर दया करण्याचाही आहे, तो आकडा लोक विसरतात. बाबेलच्या बंदिवासात लोक एक म्हण वापरू लागले: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. यहेज्केल संदेष्टा ती म्हणच बंद करायला लावतो. जो पाप करील तोच मरेल, आणि दुष्ट फिरला तर तो जगेल, कारण दुष्टाच्या मरणात देवाला आनंद नाही (यहेज्केल १८).

तरीही दानीएल (अध्याय ९) आणि नहेम्या (अध्याय ९) पूर्वजांच्या पापांची कबुली ‘आम्ही’ म्हणून देतात. दोष वारशाने येत नाही पण त्या दोषातून मिळालेला फायदा येतो, आणि जबाबदारी त्या फायद्याबरोबर येते, असं मी याचा अर्थ लावतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी श्टुटगार्टमध्ये नाझी राजवटीच्या काळातल्या आपल्या अपराधाची कबुली जाहीर केली. त्यात अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक विश्वासाने प्रार्थना केली नाही अशा गोष्टी होत्या. यहुद्यांच्या संहाराचा नावाने उल्लेख नव्हता, आणि त्यावर पुढे रास्त टीका झाली. कबुली मोघम असली की ती देणाऱ्यालाच सोयीची पडते.

आयुष्यभर वाट्टेल ते करून मरताना ‘चुकलो’ म्हटलं तर चालतं? हा अन्याय नाही का?

शेजारच्या वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशूने त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं (लूक २३). द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर उन्हात राबलेल्यांना आणि शेवटच्या एका तासाला आलेल्यांना सारखाच रुपया मिळतो, आणि सकाळचे मजूर कुरकुरतात (मत्तय २०). त्यांची कुरकुर माणसाला कळण्यासारखी आहे. आपण सगळेच स्वतःला सकाळचे मजूर समजून तो दाखला वाचतो.

चौथ्या शतकात अनेक जण बाप्तिस्माच मरणापर्यंत लांबवत, म्हणजे सगळी पापं एकदम धुतली जातील. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३३७ साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला. यातला धोका उघड आहे: मरण निरोप पाठवून येत नाही. त्याहून मोठा धोका असा की वळायची सवयच नसलेलं मन त्या घटकेला वळेल कशावरून?

निनवे शहराला देवाचा इशारा द्यायला पाठवलेल्या योना संदेष्ट्याची चीड मात्र वेगळी होती. निनवे हे अश्शूरचं शहर, आणि अश्शूर म्हणजे तेच साम्राज्य ज्याने इ.स.पू. ७२२च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. योनाने शहराच्या नाशाला ४० दिवसांची मुदत सांगितली, राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट नेसलं, आणि देवाने अरिष्ट आणलं नाही. योना रागाने म्हणतो, मला हे ठाऊकच होतं, म्हणून तर मी पळालो होतो. तू दयाळू आहेस हे तो *तक्रार* म्हणून सांगतो. देव त्याला उपदेश करत नाही, विचारतो: उजवा-डावा हात न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरं, यांची मी कीव करू नये काय? पुस्तक तिथेच संपतं. योनाचं उत्तर नाही.

मी तेच पाप पुन्हा पुन्हा करतो. माझा पश्चात्ताप खोटा आहे का?

या प्रश्नावर ख्रिस्तसभा (चर्च) एकदा फुटली होती. २५० साली रोमन सम्राट देकियसने सर्वांना देवतांना यज्ञ करायची सक्ती केली. अनेक ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवण्यासाठी ती मानली किंवा खोटी प्रमाणपत्रं मिळवली. छळ ओसरल्यावर ते परत आले. रोममधला धर्मगुरू नोवाशियन म्हणाला, यांना पुन्हा जागा नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस यांनी ठरवलं, तपासून, प्रायश्चित्ताचा काळ देऊन परत घ्यायचं. सभेने त्यांची बाजू धरली.

जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५१७च्या ९५ प्रबंधांपैकी (वादासाठी मांडलेल्या विधानांपैकी) पहिलाच असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. त्याआधीच्या वर्षी विद्वान इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला होता, आणि लॅटिन शास्त्रातलं ‘प्रायश्चित्त करा’ हे ग्रीकमध्ये ‘मन बदला’ असं आहे यावर विद्वानांत चर्चा होती. एकदाच उरकायचा विधी आणि रोजचं वळणं यातला फरक तिथून ठळक झाला.

इंग्रज खलाशी जॉन न्यूटनचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. मार्च १७४८ मध्ये वादळात त्याचं जहाज बुडता बुडता वाचलं आणि तो देवाकडे वळला. आणि त्यानंतर? तो गुलामांच्या जहाजांवर काम करतच राहिला, कप्तान झाला, १७५४ मध्ये आजारपणामुळे समुद्र सुटला. पुढे तो पाळक झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आपली उघड कबुली त्याने छापली १७८८ मध्ये, वादळानंतर ४० वर्षांनी. वादळातला पश्चात्ताप खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण त्या ४० वर्षांत जहाजांच्या तळाशी माणसं होती, हेही झाकणार नाही.

तेव्हा पुन्हा पडल्यावर विचारायचा प्रश्न असा: पडल्यावर तोंड कुठे आहे? आणि पडण्याची जागा ठाऊक असूनही आपण तिथलीच वाट धरतो का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर प्रार्थनेबरोबर वाटही बदलावी, व्यसन असेल तर उपचार घ्यावेत.

पाप धर्मगुरूपुढेच कबूल करायला हवं का?

कॅथलिकांमध्ये हा संस्कार आहे. मनापासूनचा अनुताप, पापनिवेदन आणि भरपाईचं कृत्य हे माणसाचे तीन भाग, आणि पापमुक्ती धर्मगुरू उच्चारतो. वर्षातून किमान एकदा निवेदन करावं हा नियम १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. ऑर्थोडॉक्स माणूस ख्रिस्ताच्या प्रतिमेकडे तोंड करून कबुली देतो, धर्मगुरू बाजूला साक्षी म्हणून उभा असतो. बहुतेक प्रॉटेस्टंट थेट देवाकडे कबूल करतात. मी याच परंपरेतला, पण एक कबूल करतो: थेट देवाकडे कबुली देणं हे फार सोपं पडू शकतं, कारण तिथे कोणी भुवई उंचावत नाही. याकोब ५ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलं आहे, ते आमच्याकडे वाचलं जातं आणि सोडून दिलं जातं.

नीतिमान ठरवलं जाणं कृपेनेच होतं यावर लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. सगळे वाद मिटले नाहीत, पण मुख्य मुद्द्यावर एकमेकांचे केलेले जुने धिक्कार आता लागू होत नाहीत असं दोघांनी मान्य केलं.

क्षमा न होणारं पाप कोणतं?

पवित्र आत्म्याची निंदा (मार्क ३). संदर्भ पाहा: डोळ्यांसमोर माणूस बरा होतोय आणि शास्त्री म्हणतात हे सैतानाचं काम. चांगल्याला जाणूनबुजून वाईट म्हणत राहणाऱ्याला क्षमा हवीशीच वाटत नाही. ‘माझ्या हातून ते पाप झालं असेल का’ या काळजीने ज्याची झोप उडते, त्याचं मन अजून दाराकडेच बघतंय.

क्षमा केली म्हणजे पोलिसांत तक्रार करायची नाही का?

करायची. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांवरचा अत्याचार यात तर लगेच. रोम १३ मध्ये पौल राज्यकर्त्याला दुष्कृत्याचा जाब विचारणारा देवाचा सेवक म्हणतो. सूड घेऊ नका हे सांगून झाल्यावर (रोम १२) दोनच परिच्छेदांनी तो हे लिहितो.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आग्जा याने गोळ्या झाडल्या. काही दिवसांतच पोपनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं, डिसेंबर १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन भेटले. आग्जा इटलीच्या तुरुंगातून सुटला २००० साली. क्षमा आणि शिक्षा इतकी वर्षं शेजारी नांदली. ज्या मंडळीत पीडितेला ‘क्षमा कर आणि गप्प राहा’ असं सांगितलं जातं, तिथे क्षमेचं नाव घेऊन अब्रू राखली जात असते. क्षमा आणि समेट यातही फरक आहे. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघे लागतात, आणि त्यातल्या एकाने खरोखर बदललेलं असावं लागतं.

देवही पश्चात्ताप करतो का?

१ शमुवेल १५ मध्ये एकाच अध्यायात दोन्ही विधानं आहेत: शौलाला राजा केल्याचा देवाला खेद झाला, आणि देव माणसासारखा मन बदलत नाही. हिब्रू क्रियापद दोन्हीकडे एकच. परंपरेचं उत्तर असं की त्याचा स्वभाव बदलत नाही, माणूस बदलला की त्याच्याशी वागणं बदलतं.

आणि नरक?

बहुसंख्य मंडळ्या सार्वकालिक शिक्षा मानतात. काहींच्या मते दुष्टांचा अखेर नाश होतो. तिसऱ्या शतकातला ओरिजेन आणि चौथ्यातला नीसाचा ग्रेगरी या धर्मपंडितांनी शेवटी सर्वांच्या उद्धाराची आशा बोलून दाखवली. मत्तय २५ मध्ये मात्र न्यायाच्या दिवशी विचारलं जातं ते भुकेल्याला खायला दिलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का. स्वीकारलेले आणि नाकारलेले, दोन्ही बाजूंचे लोक चकित होऊन विचारतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?

समोरच्याचा पश्चात्ताप खरा की नाटकी, हे कसं ओळखायचं?

काही खुणा आहेत. खरी कबुली नेमकी असते: काय केलं, कोणाला केलं. तिच्यात ‘पण’ नसतो आणि ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असलं काही नसतं. ती विश्वास लगेच परत मागत नाही. येशूच्या दाखल्यात बापाचे पैसे उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राने वाटेत पाठ केलेलं भाषण बघा: मला मुलगा म्हणवून घेण्याची लायकी नाही, मोलकऱ्यासारखं ठेवा (लूक १५). बापाने त्याच्या बोटात घातलेली अंगठी त्याने मागितली नव्हती.

पण या खुणांची फार मोठी फूटपट्टी करू नये. बापाने ते भाषण पुरतं ऐकूनच घेतलं नाही. लूक १७ मध्ये येशू सांगतो, भावाने पाप केलं तर त्याला दटाव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर, आणि दिवसातून सात वेळा येऊन ‘मला पश्चात्ताप झाला’ म्हणाला तरी क्षमा कर. सातव्या खेपेला कोणाचाही संशय बळावेल. हे ऐकून प्रेषितांनी वाद घातला नाही, अटीही विचारल्या नाहीत. ते म्हणाले, आमचा विश्वास वाढव.